राजाचे चित्रदालन आणि प्रकाशाचा हिशेब

लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याला चिकटून असलेली ‘किंग्ज गॅलरी’ मुळात चित्रदालन नव्हतीच. वास्तुविशारद जॉन नॅशने तिथे काचघर बांधले होते. १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी त्याचे खासगी प्रार्थनामंदिर झाले आणि सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बने ते पाडले. त्या जागेवर १९६२ मध्ये ‘क्वीन्स गॅलरी’ उघडली. २००२ मध्ये जॉन सिम्पसन यांच्या आराखड्यानुसार ती वाढवण्यात आली, आणि राज्यावर राजा आल्यानंतर नावही बदलले.

राजवाडा पाहणे आणि हे दालन पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिकिटेही वेगळी. राजवाड्याची सभागृहे मुख्यतः उन्हाळ्यात उघडतात. दालन एरवीही उघडे असते, पण तिथे प्रदर्शन चालू असेल तरच. एक प्रदर्शन उतरवून दुसरे लावेपर्यंत काही आठवडे दार बंद. ‘कायमचे दालन’ नावाची चीज इथे नाही. गेल्या वर्षी मामेबहिणीने पाहिलेले चित्र या वर्षी दिसेलच, असे धरून जाणाऱ्याची निराशा होते आणि तो दोष मात्र दालनाला देतो.

दहा लाखांहून अधिक वस्तूंचा राजघराण्याचा संग्रह विंडसर, हॅम्प्टन कोर्ट, होलीरूड अशा अनेक वास्तूंत विखुरलेला आहे. पहिल्या चार्ल्सने जमवलेली चित्रे १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाल्यावर विकली गेली. त्यांतली काहीच पुढे परत आली. १७६२ मध्ये तिसऱ्या जॉर्जने व्हेनिसमधील इंग्रज वाणिज्यदूत जोसेफ स्मिथचा संग्रह घेतला. त्यात फ्रान्स व्हान मीरिसचे म्हणून आलेले एक चित्र व्हर्मिरचे निघाले, तेही शंभर वर्षांनी. राजघराण्याचा हा संग्रह ना सरकारचा, ना राजाच्या खासगी मालकीचा. वारसांसाठी आणि राष्ट्रासाठी राजा तो विश्वस्त म्हणून सांभाळतो, विकू शकत नाही. १९९३ पासून त्याची व्यवस्था पाहणाऱ्या न्यासाला सरकारी अनुदान नाही. तिकिटांचा पैसा त्याच कामी येतो.

प्रदर्शने बदलतात ती नावीन्यासाठी, हा समज पक्का आहे आणि अर्धवट आहे. खरे कारण कागद. तैलचित्राला १५० ते २०० लक्स प्रकाश चालतो; कागदावरच्या कामाला ५०. एक मेणबत्ती मीटरभर अंतरावर साधारण एक लक्स देते, भर दुपारचे ऊन लाखभर. पण नुसता आकडा पुरत नाही, तास मोजावे लागतात. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून येत नाही. ५० लक्सखाली रोज आठ तास, असे शंभर दिवस, म्हणजे ४०,००० लक्स-तास. तेवढाच प्रकाश भर उन्हात सुमारे चोवीस मिनिटांत पडतो, शिवाय अतिनील किरण वेगळे. प्रकाश निम्मा केला तर मुदत दुप्पट मिळते, एवढीच सूट. रंग किती उडाला हे तपासायला चित्राशेजारी निळ्या लोकरीच्या पट्ट्या ठेवतात. त्यांचे आठ दर्जे असतात. पहिला सर्वांत लवकर विटतो, आठवा सर्वांत उशिरा. पट्टीचा झाकलेला आणि उघडा भाग यांत फरक दिसू लागला, म्हणजे तेवढा रंग चित्रातूनही गेलेला असू शकतो. म्हणून काही महिने भिंतीवर राहिलेले पान पुढची काही वर्षे पेटीत जाते. याला ‘तळघरात कोंडून ठेवले’ असे म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या हातात बहुधा फ्लॅश चालू असलेला फोन असतो.

‘इतका अंधार का, वीज वाचवता काय?’ हा प्रश्न मराठीतही विचारला जातो. डोळे सरावायला काही मिनिटे लागतात. बाहेरच्या उजेडातून येऊन पहिल्याच चौकटीला नाक लावले, तर तपकिरी कागदापलीकडे काही दिसत नाही. आधी तैलचित्रांच्या खोलीत रेंगाळावे, मग कागदाकडे वळावे.

२०१९ मध्ये लिओनार्दो द विंचीच्या मृत्यूला ५०० वर्षे झाली, तेव्हा दोनशेहून अधिक रेखाटने इथे मांडली गेली. त्यांत जवळजवळ कोरी दिसणारी पाने होती. १४८१ च्या सुमारास लिओनार्दोने त्यांवर धातूच्या टोकाने हात रेखाटले होते. त्या धातूत तांब्याचे प्रमाण जास्त होते. कालांतराने तांब्याचे पारदर्शक क्षार झाले आणि रेषा नजरेला दिसेनाशा झाल्या. अतिनील प्रकाशात मात्र बोटे, नखे, मनगटाची वळणे सगळे उमटते. इथे दोष धातूच्या रसायनाचा, दिव्यांचा नव्हे. पण कागदावरची रेघ किती उधारीवर जगते, हे एवढे स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

मराठी वाचकाच्या ओळखीचे पान वेगळेच आहे. अवधच्या नवाबाकडून १७९९ मध्ये आलेला ‘पादशहानामा’, म्हणजे शाहजहानच्या कारकिर्दीचा सचित्र इतिहास, विंडसरला आहे. त्याची सुटी केलेली पाने १९९७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातही मांडली होती. त्यात १६३३ चा दौलताबादचा वेढा आहे, आणि १६३१ चा ‘कंदाहार’चाही. हे कंदाहार अफगाणिस्तानातले नव्हे, नांदेड जिल्ह्यातले कंधार. नावावरून पान ओलांडून पुढे जाणारे मराठी प्रेक्षक आपल्याच मुलखातला किल्ला मागे टाकतात.

तलवारीचे प्रकरण वेगळे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५-७६ च्या भारत दौऱ्यात कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून गेलेली, शिवछत्रपतींची म्हणून सांगितली जाणारी जगदंबा तलवार या संग्रहात आहे. १९८० च्या सुमारास मुख्यमंत्री अंतुले यांनी लंडनहून तलवार आणण्याचा विषय काढला तो ‘भवानी’च्या नावाने, आणि तेव्हापासून दोन नावे एकमेकांत मिसळली. २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आलेली वाघनखे तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची. ती संस्था राजाच्या संग्रहाचा भाग नाही. वर्तमानपत्रांत मात्र सगळे ‘ब्रिटिश म्युझियम’. विश्वस्ताकडची वस्तू आणि सरकारी संग्रहालयातली वस्तू मागण्याचे रस्ते वेगळे असतात, आणि अर्ज चुकीच्या दारात पडला की त्याचे उत्तर सभ्य आणि निरुपयोगी येते.

शिवाय पोलादाला प्रकाशाची भीती नसते, दमटपणाची असते. तलवार बारा महिने मांडता येते. लक्स-तासांचा हिशेब खरा आहे, तसाच तो संस्थांच्या सोयीचाही आहे. जिथे अडचण मालकीची असते तिथे तो पुढे करू नये. ज्या राज्याचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालला होता, तिथल्या अल्पवयीन राजाच्या नजराण्याला भेट म्हणावे का, याचे उत्तर लक्समीटर देत नाही. २०१८ मध्ये त्याच दौऱ्यातील भेटींचे प्रदर्शन इथे भरले. त्याआधी ते ब्रॅडफर्ड, लेस्टर आणि एडिंबरोला जाऊन आले होते. बहुतेक धातू आणि रत्ने असल्याने इतका प्रवास झेपला असावा.

तिकीट थेट दालनाकडून घेतले असेल, तर निघताना त्यावर वर्षभराच्या पुनर्प्रवेशाची नोंद करून घेता येते. तेवढ्यात दुसरे प्रदर्शन लागलेले असते. उतरवलेली रेखाटने विंडसरच्या मुद्राचित्र कक्षात परततात. तिथे पूर्वपरवानगी घेऊन एखादे पान टेबलावर मागवता येते; ते पाहून झाले की पेटीचे झाकण पुन्हा लागते.