खेळाडूंच्या मागण्या
'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागाचा नाद मला माझ्या मुलाने लावला; परंतु खरे सांगावयाचे, तर त्या मध्ययुगीन राज्यखेळापेक्षा खेळाडूंच्या सुधारणांच्या याद्याच मी अधिक आवडीने वाचतो. किल्ले हवेत, हत्ती हवेत, हे ठीकच. पण १९९९ च्या मूळ खेळात शेताचा कस संपला, की ते पुन्हा पेरण्याचा हुकूम राजानेच द्यावयाचा! ऐन लढाईत शेतकरी रिकाम्या हातांनी उभा. २००० सालच्या पुरवणीत पेरण्या आगाऊ नोंदविण्याची सोय झाली. आपोआप पेरणीस २०१९ साल उजाडावे लागले. ही मागणी शेतकऱ्याच्या कळवळ्याने झाली असे मात्र कोणी समजू नये. लढाईवरची नजर कोणाला काढावयाची नव्हती, इतकेच.

काही हौशी मंडळी मागत न बसता स्वतःच नवी राज्ये रचू लागली, आणि त्यांचे काम २०१३ साली 'द फरगॉटन' ह्या नावाने अधिकृत झाले. त्यात हिंदुस्थानची एकच मोट होती. २०२२ साली ती सुटून हिंदुस्तानी, बंगाली, द्राविड व गुर्जर वेगळे झाले.

माझी मागणी देवगिरीच्या यादवांची. १२९६ साली गडाला वेढा पडला, तेव्हा धान्य म्हणून आणलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी कथा आहे. तेवढी खेळात आली पाहिजे.