ठकीची वेतं

दुधासाठी माणदेशात कुणी खिल्लार गाय बांधत नाही. वासराचं पोट भरून दोन वेळचं मिळून दोन-अडीच लिटर दूध निघालं, तर ती गाय दुधाला चांगली म्हणायची. तेवढ्यात घरचा चहा भागतो, तूप काही होत नाही. खिल्लार गाय ठेवायची ती खोंडांसाठी. तिचं दूध खोंडाच्या अंगावर चढतं आणि पौषात तो खरसुंडीच्या यात्रेत उभा राहिला की त्या दुधाचे पैसे होतात. आमच्या आत्तीचं लग्न, विहिरीचं खोदकाम, माझी कॉलेजची फी, यातलं बरंचसं एका गाईने दिलेलं आहे. तिचं नाव ठकी.

ती आमच्याकडे राहिली ती एका खोडीमुळे. तिचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा चांगलं बोटभर आखूड होतं. खिल्लाराची शिंगं मुळाशी जवळजवळ, मागे जाऊन वर वळलेली आणि मुख्य म्हणजे जोडीला जोड असावी लागतात. कालवड असताना आबांनी तिला बाजार दाखवला. गिऱ्हाईक यायचं, शिंगांकडे बघायचं आणि पुढं जायचं. आबांनी तिला परत आणून दावणीला बांधली. पुढे तिच्या एकाही वासरात ती खोड उतरली नाही.

स्वभावाने गरीब म्हणवत नाही. आजी, आई, चुलती यांच्यापुढे मान खाली घालून उभी राहणारी ही गाय पॅन्टवाला माणूस दिसला की नाकातून फुसकारायला लागायची. विजेचं मीटर बघायला येणारा गडी बाहेरूनच ओरडायचा, “बांधलीया न्हवं?” शहरात शिकायला गेल्यावर सुट्टीला येताना मीसुद्धा आधी माडीवर जाऊन लेंगा चढवायचो आणि मगच गोठ्यात जायचो.

आमच्या भागात पावसाळ्याचं हिरवं पोटात गेलं की गाया माजावर येतात. श्रावण-भाद्रपदात फळलेली गाय नऊ महिने नऊ दिवस धरले तर वैशाख-जेठात व्यायची. म्हणजे नेमकं कडब्याची गंज तळाला लागलेली, विहिरीला घागर बुडेना, आणि गाय मात्र जड झालेली. त्या दिवसांत आबा स्वतःच्या जेवणापेक्षा तिच्या पेंडीची चौकशी जास्त करत. एरवी वाकून न चालणारा हा माणूस रोज सकाळी तिच्या मागे उकिडवा बसून बघायचा. कास भरली का, सड ताठले का, शेपटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले का. “आजून पुठ्ठं मोडलं न्हाईत,” म्हणून उठायचे. पुठ्ठे मोडले आणि मागून चिकट तार लोंबायला लागली की आजीची बाज गोठ्यात जायची.

पहिल्या वेताला आजी रात्रभर कंदील घेऊन बसली होती. गाय उठत होती, बसत होती, स्वतःच्याच कुशीकडे वळून बघत होती. पहाटेपर्यंत काही नाही. आजी चूल पेटवायला म्हणून आत गेली आणि परत येते तो खोंड जमिनीवर. “सारी रात डोळ्यांत त्याल घालून बसले आन् तेवढ्यात ठकवलंस व्हय गं मला!” तोपर्यंत तिला नावच नव्हतं. पुढेही तिने हा रिवाज सोडला नाही. माणूस हलल्याशिवाय ती व्यायचीच नाही.

वासरू पडल्यानंतरची धांदल मला अजून आवडते. नाकातोंडातला चिकटा बोटाने काढायचा, नाकात काडी फिरवून शिंक आणायची, नाळ दोऱ्याने बांधून हळद चेपायची. हळदीच्या जागी नंतर टिंक्चर आयोडीनची बाटली आली. वासराच्या खुरांना खाली पिवळट, खोबऱ्याच्या कापासारखी मऊ टोकं असतात. ती आबा नखाने खुडून टाकत. ठकी एवढ्या वेळात हुंकारत त्याला चाटून कोरडं करायची. तिची जीभ इतकी खरखरीत, की नुकतं उभं राहिलेलं वासरू त्या चाटण्यानेच परत बसायचं. तासाभरात ते सडाला लागून चीक प्यायलं पाहिजे हा आजीचा नियम. खरवसाची आस धरून ताटकळलेल्या आम्हा पोरांचा नंबर त्याच्यानंतर. इकडे वार पडेपर्यंत आबा काठी घेऊन उभे, कारण नजर चुकली की गाय वार खाते. पडलेली वार पोत्यात घालून ओढ्याकाठच्या वडाला टांगायची. वडाला चीक असतो, म्हणून गाईला पान्हा राहतो असं मानतात. शास्त्र असो नसो, कुत्र्यांच्या तोंडी लागत नाही हे खरं. गाईला शिजवलेली बाजरी आणि गूळ.

चौथ्या वेताला मात्र ती अडली. पाणमोट फुटून बराच वेळ झाला, नाकपुडी दिसत होती, एक पाय दिसत होता, दुसरा नाही. पुढचे दोन्ही पाय आणि त्यांवर टेकलेलं तोंड असं वासरू यायला पाहिजे. याचा एक पाय गुडघ्यात मुडपून आत राहिला होता. डॉक्टर तालुक्याला, रात्र झालेली. आबांनी नखं काढली, साबणाने खांद्यापर्यंत हात धुतला, गोडं तेल चोपडलं आणि हात आत घातला. कळ आली की हात तसाच ठेवायचा, कळ ओसरली की वासराला मागे रेटायचं. आत गर्भाशय फाटू नये म्हणून खूर मुठीत झाकून घ्यायचा आणि मग पाय सरळ करायचा. दोन्ही पाय हाताला लागल्यावर ते आम्हाला म्हणाले, “आता ती जोर करंल तवाच वडायचं. आन् खाली वडा, आपल्याकडं न्हाई.” खोंड निघाला तेव्हा आबांचा हात कोपरापासून निळा पडला होता. तोच खोंड पुढे सगळ्यांत जास्त किमतीला गेला.

पौषापर्यंत खोंड आठ महिन्यांचा होतो. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत कर्नाटकातले व्यापारीही येतात. रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा. आबांच्या तोंडावरून मला कधी कळलं नाही की बरा झाला की वाईट. घरी मात्र ठकी दोन-तीन दिवस रस्त्याकडे तोंड करून हंबरायची आणि आटायची. वासरू पुढ्यात नसेल तर खिल्लार गाय पान्हा सोडत नाही. त्या दिवसांत आजी यात्रेतून आलेल्या मिठाईला हात लावत नसे. पण खोंड विकू नका, असंही ती कधी म्हणाली नाही.

एका सालात ठकीचं वासरू दगावलं आणि त्याच आठवड्यात भावकीतली एक गाय सापाने गेली, तिचं वासरू पोरकं झालं. ते आणून ठकीखाली लावलं तर तिने लाथ झाडून पाडलं. आजीने वासराच्या पाठीवर मीठ आणि गुळाचं पाणी चोळलं. ठकीने आधी नुसता वास घेतला, मग एकदा चाटलं. संध्याकाळपर्यंत पोरकं वासरू तिला लुचत होतं. एरवी आडमुठी म्हणून तिला नावं ठेवणाऱ्या चुलत्यांनी त्यानंतर तोंड उघडलं नाही.

तिचा एक खोंड शेजारच्या गावी पैदाशीचा वळू म्हणून नावाला आला. त्याची वासरं विकताना लोक त्याचं नाव घेत, त्याच्या बापाचं नाव घेत. आबा यावर चिडायचे. “बी चांगलं आसंल, पर रान कुणाचं?” खोंडात निम्मी आई असते, आणि पहिले आठ महिने तर तो तिच्याच दुधावर वाढतो, हे त्यांना कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

2012-13 च्या दुष्काळात ठकी म्हातारी होती, दात झिजलेले, व्यायची बंद. आबा तिला घेऊन चारा छावणीत राहिले. छावणीतला ऊस तिला चावेना, म्हणून कोयत्याने बारीक तुकडे करून घालायचे. 2013 च्या पावसाळ्यात, घरी परतल्यावर, ती गेली. बांधावर खड्डा घेऊन तिला पुरलं.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडी शर्यती बंद केल्या, ट्रॅक्टर तर आधीच आला होता, खोंडांचे भाव पडले आणि कित्येक दावणींवर खिल्लार जाऊन संकरित गाई आल्या. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि भाव पुन्हा चढले. आता यात्रेत फ्लेक्स लागतात. त्यांवर बैलाचं नाव, मालकाचा फोटो, वळूची वंशावळ. गाईचं नाव मी अजून एकाही फ्लेक्सवर वाचलेलं नाही. खोंड घ्यायला जाणार असाल तर दात, शिंगं, खूर जरूर बघा. पण त्याआधी मालकाच्या गोठ्यावर जाऊन त्याची आई बघून या. आई दाखवायला जो टाळाटाळ करील, त्याच्याकडून खोंड घेऊ नका.