रंकाळा, पन्हाळा आणि ‘व्हीपीएन ऑन आहे यार!’

कोल्हापूरचा वीकेंड म्हणजे मिसळ, तांबडा-पांढरा, अंबाबाईचं दर्शन आणि जमलंच तर पन्हाळा. हा प्रोग्रॅम आता सगळ्यांना पाठ झालाय. बदल झालाय तो सॅकमध्ये. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पब्लिकच्या सॅकमध्ये कपड्यांखाली एक लॅपटॉप असतोच. सुट्टी कसली, नुसती जागा बदलायची!

महाद्वार रोडजवळच्या आमच्या लॉजमध्ये वायफायचा पासवर्ड काउंटरमागच्या भिंतीवरच चिकटवला होता. ‘‘साऱ्या लॉजला एकच हाय ओ, कुठंबी बसा,’’ अशी वर कोल्हापुरी गॅरंटी. माझ्याबरोबरचा मित्र यावर नुसता हसला. त्याला त्या वीकेंडला दुसऱ्या कंपनीला रेझ्युमे पाठवायचा होता, आणि आपल्या ऑफिसला याचा वासही लागू नये अशी त्याची इच्छा होती. बॉसशी खटकलेलं, होम लोनचा हप्ता चालू. म्हणजे मामला सीरियस. ‘‘व्हीपीएन ऑन आहे यार, नो टेन्शन!’’ लॅपटॉप ऑफिसचा, व्हीपीएनही ऑफिसचंच.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना मी त्याला म्हटलं, आण तो लॅपटॉप, बघूच. समोर पाणी, पलीकडे शालिनी पॅलेस, आणि बाकावर आम्ही दोघं माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बसलेलो. व्हीपीएन बंद ठेवून आयपी पत्ता दाखवणारी एक साइट उघडली. माझ्या मोबाइल कंपनीचं नाव आलं आणि शहर आलं मुंबई! बाकाखाली मात्र अस्सल कोल्हापूर. आपल्याकडे हे नेहमीचंच आहे. कंपनीचं नेट मुंबई-पुण्यातून बाहेर पडतं, त्यामुळे आयपीवरून ओळखलेलं शहर चुकू शकतं. म्हणून व्हीपीएन चालू केल्यावर शहर बदललं का, एवढंच बघून खूश होऊ नका. कंपनीचं नाव बदललं का ते बघा.

मग त्याने व्हीपीएन चालू करून पान रिफ्रेश केलं. नाव बदललं. त्याच्याच ऑफिसचं नाव! भेळेचा घास हातातच राहिला. व्हीपीएन झकास चालू होतं. लॉजवाल्यापासून, माझ्या मोबाइल कंपनीपासून त्याला मस्त लपवत होतं आणि सगळं ट्रॅफिक इमानदारीत ऑफिसच्या दारात नेऊन ठेवत होतं. तो नोकरीच्या कुठल्या साइटवर गेला, हे ऑफिसला तिथे दिसू शकतं. शिवाय लॅपटॉपच ऑफिसचा असेल तर त्यात आणखी काय काय बसवलेलं असतं, देव जाणे. व्हीपीएन चालू आहे का, या प्रश्नाला अर्थ येतो तो कोणापासून लपायचंय हे ठरल्यावरच.

बाकीची टेस्ट आम्ही माझ्या फोनवर, माझ्या पर्सनल व्हीपीएनवर केली. त्यात जरा नीट बघण्यासारखं आहे ते डीएनएस. कुठलीही साइट उघडण्याआधी फोन कुणाला तरी तिचा पत्ता विचारतो. व्हीपीएन चालू असूनही हा प्रश्न तुमच्या नेट कंपनीकडेच जात असेल, तर तुम्ही कुठल्या साइटवर जाताय हे तिला कळतंच. डीएनएस लीक टेस्टच्या पानावर तुमच्या कंपनीचं नाव दिसलं की समजा, गळती आहे. दुसरी गळती आयपीव्ही६ची. जिओसारख्या नेटवर्कवर फोनला हा नवा, लांबलचक पत्ताही मिळतो. काही व्हीपीएन फक्त जुना पत्ता झाकतात आणि नवा तसाच उघडा राहतो. तपासताना दोन्ही पत्ते बघायचे. ब्राउझरमधली व्हिडिओ कॉलची सोयही कधी कधी खरा पत्ता सांगून टाकते. त्यासाठी वेबआरटीसी लीक टेस्ट असते, दोन मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. कोल्हापूरपासून साधारण २० किलोमीटर, आणि किल स्विच तपासायला मला हा रस्ता जाम आवडला. व्हीपीएन मध्येच तुटलं तर नेट अडवून ठेवणारी सोय म्हणजे किल स्विच. ऑफिसात बसून ते कधी तुटतच नाही. चढणीवर मात्र रेंज जाते, येते, फोरजीची फाइव्हजी होते. प्रत्येक वेळी पान रिफ्रेश करून बघायचं, खरा पत्ता क्षणभर तरी डोकावतोय का? गाडी अर्थात मित्र चालवत होता.

गडावर शिवा काशीद यांचा पुतळा आहे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले, तेव्हा महाराज म्हणून दुसऱ्या पालखीत बसलेले हे गृहस्थ. मित्र म्हणाला, ‘‘हेच आपलं व्हीपीएन!’’ मला ती तुलना पटली नाही. त्या माणसाने जीव दिला, इथे महिन्याचं सबस्क्रिप्शन आहे. आणि फुकटच्या व्हीपीएनचा खर्च कुठून निघतो, ते न विचारता तर पालखीत बसूच नये.

कारण भरवसा नेट कंपनीवरून उचलून व्हीपीएनवाल्यावर ठेवायचा, एवढाच हा व्यवहार. त्यात २८ एप्रिल २०२२ला सर्ट-इनचे निर्देश आले. व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, त्यांना दिलेले आयपी अशी माहिती किमान पाच वर्षं ठेवायची. कंपन्यांचं अंतर्गत व्हीपीएन यातून वगळलं. त्या वर्षीच्या जूनमध्येच एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढायचं ठरवलं. आणि तुम्ही गुगलला लॉगिन असाल, फोनचं लोकेशन चालू असेल, तर गुगलला तुम्ही रंकाळ्यावर आहात हे व्हीपीएन असूनही माहीत असतंच.

७ जून २०२३ला याच शहराने याहून मोठी मर्यादा पाहिली. सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव झाला, बंद आणि लाठीमार झाला, आणि इंटरनेट बंद केलं गेलं. अशा वेळी व्हीपीएन काय करणार? ते नेटवरूनच चालतं. एखादी साइट अडवली असेल तर वाट निघू शकते, पण रस्ताच उखडला तर नाही.

मित्राने रेझ्युमे तीन दरवाजापाशी उभं राहून पाठवला. स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या मेलवरून, मोबाइल डेटावर. व्हीपीएन लावायची गरजच पडली नाही.