डिझेलचा चीक

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागलेल्या दिसतात. वर ताडपत्री, आत इंजिन गप्प. पण इंजिन गप्प असले तरी टाकीत उरलेले डिझेल गप्प नसते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

नारळी पौर्णिमेनंतर एका तांडेलाने मला इंजिनाचा फिल्टर आणून दाखवला. त्यावर फणसाच्या चिकासारखा तपकिरी थर. "गुरुजी, टाकीत पाणी नव्हतं, कचरा नव्हता. मग हा चीक आला कुठून?" इंजिन खोल समुद्रात बंद पडले असते तर काय झाले असते, हे दोघांनाही ठाऊक होते. मी मराठी शिकवलेला माणूस, पण प्रश्न चांगला होता; पुस्तके उघडली.

उत्तर असे. उष्णतेने किंवा प्रकाशाने डिझेलच्या एखाद्या रेणूतला हायड्रोजन निसटतो. तो रेणू अस्वस्थ होतो आणि हवेतला ऑक्सिजन धरतो. मग ही जोडी शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढते. आता शेजारी अस्वस्थ! मधल्या सुट्टीत उठलेली आवई अशीच वर्गावर्गांतून पसरते. शेवटी आम्ले आणि चिकट डिंक तयार होतो. तांब्यापितळेच्या स्पर्शाने हा वेग आणखी वाढतो.

यावर उपाय म्हणजे आवई ऐकून पुढे न सांगणारा मुलगा. फिनॉलच्या जातीची काही रसायने आपला हायड्रोजन त्या हावऱ्या जोडीला देऊन टाकतात, आणि स्वतः मात्र पुढच्याला ओढत नाहीत. साखळी तिथेच तुटते. मुरो आणि द्युफ्रेस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांना ही किमया पहिल्या महायुद्धाच्या काळात ॲक्रोलीन टिकवता टिकवता सापडली. तेल जळले की डोळ्यांना झोंबते ना, तेच ॲक्रोलीन! फोटो धुताना वापरतात त्या हायड्रोक्विनोनची चिमूट त्यांना पुरली. अशा साखळ्यांच्या अभ्यासासाठी सेम्योनॉव्ह आणि हिन्शेलवुड यांना 1956 साली नोबेल मिळाले.

मात्रा किती? विमानाच्या इंधनात लिटरला जास्तीत जास्त 24 मिलिग्रॅम! डिझेलमधले गंधक काढताना त्याच्यातले काही उपजत रक्षकही निघून जातात. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून गंधकाची मर्यादा दहा लाखांत 10 भाग इतकी खाली आली. तेव्हा ही वरून घातलेली चिमूट अधिकच मोलाची.

स्वयंपाकघरातही हेच चालते. तीळतेल बरेच दिवस खवट होत नाही, कारण तिळातच असे रक्षक असतात. पण खवट झालेल्या तेलात काहीही घाला, ते पुन्हा ताजे होत नाही.

मला यातली एक गोष्ट फार पटली. हे रक्षक ऑक्सिजनला कायमचे हरवत नाहीत. एकेक साखळी तोडताना ते स्वतः खर्ची पडतात. संपेपर्यंत सारे ठीक दिसते, आणि संपले की बिघाड भराभर वाढतो. म्हणजे ते आपल्याला फक्त मुदत मिळवून देतात.

तांडेलाला मी एवढेच सांगितले: बाबा रे, औषध घालायचे तर ताज्या डिझेलात, चीक दिसल्यावर नव्हे. आणि मुदत मिळाली म्हणून वर्षभर साठवू नकोस. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे मासळीसारखंच की गुरुजी! बर्फ कितीही घाला, विकायची वेळेवरच."

माझ्या चार पुस्तकांचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.