तुळस, सब्जा आणि अम्मीची झोप

आमच्या घरातली तुळस मेली, ही गोष्ट मी शेजारच्या काकूंपासून तीन दिवस लपवून ठेवली होती. कुंडी उचलून मागच्या मोरीजवळ नेली, तिच्यावर जुनं पोतं टाकलं आणि त्यांच्या दारावरून जाता-येताना मान खाली घालू लागले. तिशी ओलांडलेली, बी.एड. झालेली, वर्गात मुलांना खरं बोलायचे धडे देणारी मी एका वाळक्या रोपासाठी चोरासारखी वागत होते.

नर्सरीतून तसंच दुसरं रोप आणून ठेवावं, कुणाला काय कळणार, असंही मनात येऊन गेलं.

तुळस आमच्याकडं आली ती 2021च्या पावसाळ्यात. त्या वर्षी मे महिन्यात अब्बा गेले. दुसरी लाट होती. दवाखान्यात नेलं ते परत घरी आलेच नाहीत. कफन-दफन चार माणसांनी उरकलं, त्यात माझा भाऊ होता एवढंच समाधान. अम्मीनं त्यांचा चेहराही पाहिला नाही. चाळीस वर्षांचा संसार आणि शेवटची भेट म्हणजे मोबाईलवरचा एक व्हिडिओ कॉल, त्यातही आवाज तुटत होता.

अम्मी इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस. माझे मिस्टर पुण्याला नोकरीला, माझी शाळा इथं, त्यामुळं मी मिरजेत माहेरीच राहत होते. रात्री दोन वाजता जाग आली की पलीकडच्या खाटेवर अम्मी बसलेली दिसायची. तस्बीचे मणी सरकल्याचा आवाज. "अम्मी, सोती कायकू नै?" विचारलं की म्हणायची, "नींद नै आती बेटी. आँख मीची की फोन बजे सरका लगता."

खरं तर मलाही तेच होत होतं. छातीत धडधड व्हायची, हातपाय गार पडायचे. पण घरात एकानं तरी धीराचं राहायला हवं म्हणून मी झोपेचं सोंग घेत असे. अम्मीनं ते कधीच ओळखलं होतं म्हणा.

शेजारच्या काकू इद्दतीतही रोज डोकावून जायच्या. एक दिवस पदराआड छोटी कुंडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाभी, ही काळी तुळस. सकाळी पाच-सात पानं उकळून घ्या. आमच्या सासूबाईंना झोप लागायची नाही, त्या हेच घ्यायच्या." मग जरा घुटमळल्या. "तुमच्यात चालत असंल तरच हं."

अम्मीनं कुंडी दोन्ही हातांनी घेतली.

काकूंनी एकच सांगितलं, तिन्हीसांजा झाल्यावर पान तोडू नका. अम्मीला हसू आलं. कित्येक दिवसांनी. म्हणाली, "हमारे में बी मगरिब के बाद झाड को हात नै लगाते, वहिनी. झाडां सोते बोलते." दोघी किती वेळ त्यावरच बोलत बसल्या. कुणाच्या आजीनं काय सांगितलं होतं, रात्री लिंबाच्या झाडाखाली का जायचं नाही, वगैरे.

हे सगळं इतकं सरळ राहिलं असतं तर लिहायला बसले नसते. चार दिवसांनी मामू आले. कुंडी बघून दारातच थांबले. "ये किस वास्ते? लोगां क्या बोलेंगे?" मामू वाईट माणूस नाही. अब्बा दवाखान्यात असताना ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्रभर मोटरसायकलवर फिरलेला माणूस आहे तो. पण त्याचं म्हणणं, आज कुंडी आली, उद्या दिवा येईल. दुसऱ्या बाजूनं, दूध घालायला येणाऱ्यानं मला विचारलं, "मॅडम, तुमच्यात तुळस? पाया पडता काय?" त्याच्या आवाजात चेष्टा होती की कौतुक, मला अजून ठरवता आलेलं नाही. वीतभर रोप आणि त्याच्याकडं दोन्ही बाजूंनी बघणारे डोळे. माझी धडधड कमी व्हायला आणलेली वस्तू माझी धडधड वाढवत होती.

मामूला उत्तर अम्मीनंच दिलं. कुणी रैहान दिलं तर नाकारू नये, ते उचलायला हलकं आणि वासाला चांगलं असतं, अशा अर्थाची हदीस सही मुस्लिममध्ये आहे. अब्बा ती अत्तर देता-घेताना सांगायचे. अम्मीनं तीच सांगितली. मामू म्हणाला, "वो रैहान की बात है. ये तुलसी है." अम्मी शाळा फारशी शिकलेली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, म्हणजे आता तू बोल.

मी विज्ञान शिकवते. बोलले. अरबीत रैहान म्हणजे कुठलीही सुवासिक वनस्पती. सूरे रहमानमध्ये धान्याच्या शेजारी ज्याचा उल्लेख येतो, तो हाच शब्द. आपल्याकडं युनानी दुकानात 'तुख्मे रेहान' मागितलं की सब्ज्याचं बी मिळतं, जे आपण रमजानमध्ये सरबतात आणि फालुद्यात घालतो. तो सब्जा आपल्या कब्रस्तानात आणि दर्ग्यांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या लावला जातो. सब्जा आणि तुळस, दोन्ही एकाच कुळातल्या, एकाच प्रजातीगटातल्या. शास्त्रीय नावात दोघींचं पहिलं नाव एकच, ऑसिमम. सख्ख्या नाहीत, पण चुलत बहिणी नक्की. मामूनं सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि गेला. पटलं असं म्हणाला नाही.

पुढं शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या वर्गात मी पुदिना, सब्जा आणि तुळस यांच्या फांद्या नेल्या होत्या. मुलांना डोळे मिटून दांडी बोटांत फिरवायला सांगितली. तिन्हींची दांडी चौकोनी लागते. मागच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, "मॅडम, ये तो सब भाई-भाई है!" उर्दू माध्यमाच्या पुस्तकातला एवढा एक धडा मला कधी समजावून सांगावा लागला नाही.

तर अम्मीचा काढा सुरू झाला. काढा म्हणजे काय, दीड कप पाण्यात सहा-सात पानं, किसभर आलं, एक कप उरेपर्यंत मंद आचेवर. साखर नाही, कारण तिला मधुमेह आहे. 2020मध्ये आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिऱ्याचा काढा सांगितला होता तेव्हा अब्बांनी उत्साहानं घरात मिऱ्याचा मारा केला होता आणि सगळ्यांच्या पोटात आग पडली होती. त्यामुळं मिरी बंद. पान चुरगळलं की लवंगेसारखा जो वास येतो तो युजेनॉलचा, लवंगेतही तेच असतं. इद्दतीत अत्तर लावायचं नसतं, म्हणून पानं तोडल्यावर अम्मी बोटं धुवून टाकायची. पण धुण्याआधी क्षणभर नाकाशी नेायची. मी बघितलं न बघितलंसं करायचे.

फॅमिली डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, घेऊ द्या, पण रक्तदाबाची आणि साखरेची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. तुळशीनं साखर थोडी उतरू शकते, तेव्हा मोजत राहा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय काढे घेऊ नयेत, हेही त्यांनी सांगितलं. हे इथं मुद्दाम लिहिते, कारण आपल्या मोहल्ल्यात 'पाला आहे, त्यानं काय होतंय' असं म्हणून गोळ्या बंद करणाऱ्या दोन खाला मला माहीत आहेत.

आता त्या मेलेल्या तुळशीकडं येते.

अम्मीला वुजूचं पाणी गटारात गेलेलं आवडत नाही. आधी ते मोरीतून जायचं, पण कुंडी आल्यावर तिला जागा सापडली. टबात बसून बधन्यानं वुजू करायची आणि टबातलं पाणी तुळशीला. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. दिवसातून पाच वेळा, आणि वरून मिरजेचा पाऊस. शिवाय कुंडी ठेवली होती पडवीच्या आतल्या बाजूला, कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. तिथं ऊन पोचायचं नाही. ती जागा मी निवडली होती. आधी खालची पानं पिवळी पडली, मग शेंडा झुकला. मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी आणखी एक तांब्या ओतला. ऑगस्टमध्ये एका सकाळी धरून बघितलं तर बुंधा हातात आला. मुळं कुजून काळी झालेली.

हिंदू घरात तुळस वाळली की बायका मनाला लावून घेतात, हे मला माहीत होतं. काकूंनी विश्वासानं दिलेली, आणि ती आमच्या घरात, मुसलमानाच्या घरात मेली. त्या काही बोलणार नाहीत, पण त्यांच्या घरातलं कुणी बोललं तर? गल्लीत कुणी बोललं तर? त्या दिवसांत मोबाईलवर कसले कसले मेसेज फिरत होते, ते आठवून अंगावर काटा आला. म्हणून ते पोतं.

चौथ्या दिवशी अम्मीनं पोतं बाजूला केलं. काही बोलली नाही. ओढणी नीट केली, भिंतीपाशी गेली आणि हाक मारली, "वहिनी, तुमची तुळस माझ्या हातून मेली."

काकू आल्या. कुंडीत बोट घातलं, माती चिवडली, कुंडी उलटी करून तळाचं भोक बघितलं. ते बुजलेलं होतं. "पाणी किती घालता भाभी?" अम्मीनं पाच वेळांचं सांगितलं. काकू कपाळाला हात लावून हसायलाच लागल्या. "अहो, माझ्यासुद्धा दोन मेल्यात की. पहिलीला तर शेजारच्या पोरानं चुना लावलेला." मग गंभीर होऊन म्हणाल्या, "तुळशीला ऊन पाहिजे, पाच-सहा तास तरी. आणि माती बोटभर खोल कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. हिला आत कोंडून का ठेवली?"

का ठेवली, ते मी सांगू शकले नाही. त्यांना कळलं असावं. त्यांनी परत विचारलं नाही.

त्यांच्या वृंदावनात खाली पडलेल्या बियांतून रोपं उगवली होती. त्यातली दोन दिली. वाळकी तुळस कचऱ्यात टाकू नका, मातीत पुरा, एवढं म्हणाल्या. अम्मी म्हणाली, "कचरे में कैसे डालूंगी?" परसात लिंबाच्या बुडाशी ती पुरली.

या वेळी तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा कापून घेतला, तळाला चार भोकं पाडली, खापराचे तुकडे, वाळू, पोयट्याची माती, कुजलेलं शेणखत. डबा घराच्या पुढच्या पायरीवर ठेवला, रस्त्याकडं. पूर्वेचं ऊन तिथंच येतं. मंजिऱ्या आल्या की खुडायच्या, म्हणजे रोप फुटवे धरतं, नाहीतर बी धरून काटकुळं होतं. पिठ्या ढेकूण पडला तर साबणाचं पातळ पाणी कापसानं पुसून घ्यायचं. हिवाळ्यात पानं गळाली तरी घाबरायचं नाही. आणि वुजूचं पाणी? ते आता परसातल्या केळीला जातं. केळीचं काही म्हणणं नाही.

अम्मीला झोप लागली का? लागली. नोव्हेंबरपर्यंत ती चार-पाच तास सलग झोपायला लागली. श्रेय मी एकट्या तुळशीला देणार नाही. 2017मध्ये माणसांवर झालेल्या चोवीस अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला होता, त्यात निष्कर्ष तुळशीच्या बाजूचे होते, पण त्यातले बरेच अभ्यास लहान होते. 2022मध्ये शंभर तणावग्रस्त माणसांवर आठ आठवडे तुळशीच्या अर्काची चाचणी झाली, अर्क घेणाऱ्यांचा ताण कमी झाला, झोप सुधारली. पण तो मोजून दिलेला अर्क, आमचा आपला अंदाजपंचे काढा. शिवाय त्या महिन्यांत दुःखही जुनं होत होतं, इद्दत संपली होती, अम्मी उन्हात पायरीवर बसायला लागली होती. पहाटे उठून करायला एक काम होतं, बोट मातीत घालून बघायचं. यातलं कशानं किती झालं, ते वेगळं काढून दाखवणारं माप माझ्याजवळ नाही. मी स्वतः काढा आठवड्यातून दोन-तीनदाच घेते, पण पान चुरगळून वास घेतल्याशिवाय शाळेला निघत नाही.

एक सांगायचं राहिलं. आमच्याकडं बायका कब्रस्तानात जात नाहीत. अब्बांची कबर अम्मीनं अजून पाहिलेली नाही. भावानं त्यांच्या उशाशी सब्जा लावला होता. त्या वर्षी थंडीत तो त्याच्या वाळक्या मंजिऱ्या रुमालात बांधून घेऊन आला. अम्मीनं त्या तळहातावर चोळल्या, काळं बारीक बी फुंकरीनं वेगळं केलं आणि तुळशीशेजारच्या दुसऱ्या डब्यात पेरलं. पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. त्या डब्यातला सब्जा फालुद्यासाठी नाही, हे सगळ्यांना न सांगता कळलं. मामूला तर पहिल्यांदा कळलं. येता-जाता तो त्या डब्यापाशी थांबतो. शेजारच्या डब्याबद्दल अजून काही बोलत नाही.

सब्जा वर्षात संपतो. दर वर्षी बी धरायचं, दर वर्षी पेरायचं. पुढच्याच पावसात कबरीवरचं रोप पाण्यानं वाहून गेलं, तेव्हापासून रोपं उलट दिशेनं जातात, आमच्या पायरीवरून कब्रस्तानात. अम्मी स्वतः मातीसकट उपटते, ओल्या फडक्यात मुळं गुंडाळते. या पावसाळ्यातही भाऊ न्यायला आला तेव्हा तिनं दोन रोपं त्याच्या हातात दिली आणि तो फाटकापर्यंत पोचल्यावर मागून हाक मारली.

"जास्ती पानी नको डाल," म्हणाली. "उंगली डाल को देख पैले."