लांब हो, जवळ ये

युद्ध म्हटलं की आपल्याला नेम आठवतो. बाण कुणावर तरी सुटतो, वार कुणाच्या तरी मानेवर उतरतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांतले मोठे राक्षस मात्र पुष्कळदा माणसाला सोडून जागेलाच मारतात. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये पायांखाली नारिंगी वर्तुळ उमटतं आणि दोन-तीन श्वासांत तेवढी जमीन पेटते. तिथे शूर उभा आहे की नवखा, आगीला त्याचं सोयरसुतक नसतं. खेळणारे जागेवरच्या अशा हल्ल्याला एओई म्हणतात.

गंमत अशी, की ज्वाळा दिसतात तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. खूण मिटते त्याच सुमाराला सर्व्हरने आत कोण, बाहेर कोण हे टिपून घेतलेलं असतं. नंतरचा जाळ हा निव्वळ देखावा, त्यातून चालत गेलं तरी काही होत नाही. जपानमधल्या सर्व्हरवर भारतातून खेळताना याची उलटी बाजू कळते. पडद्यावर आपण बाहेर पोचलेलो असतो, सर्व्हरच्या लेखी अजून आतच. संदेश पोचायला लागणाऱ्या वेळाचं, म्हणजे लॅगचं, हे अर्धं पाऊल हळूहळू अंगवळणी पडतं आणि पाय आगीच्या आधीच निघू लागतात.

पण हा धडा स्वतःपुरता. पुढचा अवघड. 2004 साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये मोल्टन कोअर नावाची लाव्हाने भरलेली गुहा होती, 40 जणांची टोळी, म्हणजे रेड, तिथे उतरायची. तिथला बॅरन गेडन मधूनच एखाद्या खेळाडूचा जिवंत बॉम्ब करून टाकतो. शस्त्र आता आपल्यातल्याच एकाच्या अंगात असतं. जीव म्हणतो, जखमा भरणाऱ्या हीलरकडे धाव. धावायचं असतं ते सगळ्यांना सोडून, मोकळ्या कोपऱ्याकडे. फुटायचं तर एकट्याने. रणात पाठ दाखवणाऱ्याची आपले पोवाडे गय करत नाहीत. इथे मात्र पाठ फिरवून पळणारा बाकीच्यांना वाचवतो.

सगळेच असे पळत नाहीत. सप्टेंबर 2005 मध्ये याच खेळात हक्कार या रक्तदेवाचा शाप त्याच्या देवळाबाहेर निसटला. जवळ उभ्या असलेल्याला तो लागायचा. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांच्या अंगात तो टिकून राहिला आणि त्यांच्याबरोबर भरल्या शहरांत पोचला. संगणकाने चालवलेली पात्रं स्वतः न मरता तो पसरवत राहिली. नवखे खेळाडू पाहता पाहता कोसळले. कुणी बरं करायला धावले, कुणी शहर सोडून गेले, कुणी मुद्दाम गर्दीत शिरले. एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन या संशोधकांनी 2007 मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये या साथीवर लिहिलं. खऱ्या साथीत माणसं कशी वागतील, हे अशा खेळांतून अभ्यासता येईल असं त्यांना वाटलं. तेरा वर्षांनी आपण सगळेच एकमेकांपासून अंतर मोजत उभे राहिलो, तेव्हा मला त्या शापाची आठवण झाली.

तरीही लांब राहणं हा काही या खेळांचा अखेरचा शब्द नाही. ‘फायनल फँटसी’त दुसरीही एक खूण असते, स्टॅकची. ती एकाच्या डोक्यावर येते, पण तो घाव एकट्याने झेलण्याजोगा नसतो. सगळ्यांनी त्याला खेटून उभं राहिलं, की तो वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला सोसण्याइतकाच येतो. कडेला राहिलेल्याचा हिस्साही जमलेल्यांनाच सोसावा लागतो. कसलेले राक्षस तर आधी पांगवतात आणि लगेच गोळा व्हायला लावतात. ज्याच्यापासून आत्ता दूर पळालो, त्याच्याच खांद्याला खांदा लावायचा.

एओई चुकवण्यात चपळाई लागतेच, पण ती सरावाने येते. सराव संपल्यावर एक प्रश्न उरतो, आणि तो दर खुणेला नव्याने सोडवावा लागतो: या घटकेला माझ्या माणसांना माझं जवळ असणं हवं आहे, की लांब जाणं? कालचं उत्तर आज चालत नाही. राक्षस एवढंच विचारत असतो, आणि उत्तर द्यायला वेळ फार थोडा देतो.