शिकलेल्यांचें मत

"लोकच अडाणी, त्याला कोण काय करणार!" हें वाक्य आमच्या पांढरपेशा घरांतील बैठकींत निवडणुकीचा निकाल लागल्याच्या संध्याकाळीं हमखास ऐकूं येतें. निकाल आमच्या मनासारखा लागला तर मात्र तेच लोक सुज्ञ, जागृत आणि प्रगल्भ ठरतात. एका रात्रींत देशाचें एवढें शिक्षण करणारी शाळा कोणती, याचा शोध आम्हीं पुष्कळ केला. पण लागला नाहीं.

मागें एका निवडणुकीनंतर आमच्या घरींही अशीच बैठक जमली होती. आमचा एक पुतण्या इंजिनियर होऊन नुकताच नोकरीस लागला होता. त्यानें तोडगा सुचविला कीं, मोटार हांकण्यास जसा परवाना लागतो तसा मत देण्यासही लागावा. एक लहानशी परीक्षा घ्यावी, आणि जो उत्तीर्ण होईल त्यालाच मताचा हक्क द्यावा. चारचौघांनीं माना डोलावल्या. आमच्या आत्याबाई कोपऱ्यांत वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेलें. त्यांनीं हातांतली वात खालीं ठेवून विचारलें, "अरे, पण ही परीक्षा घेणार कोण? आधींच निवडून आलेत तेच ना?" "आत्याआजी, तुला नाहीं कळायचें तें," असें म्हणून पुतण्यानें विषय बदलला. प्रश्न मात्र जागच्या जागीं राहिला, आणि आम्हांस तरी तो अजून सुटलेला दिसत नाहीं.

पुतण्याची कल्पना नवी होती असें नव्हे. ज्याच्या ग्रंथांवर आमच्याकडील पहिल्या पदवीधरांच्या पिढ्या पोसल्या, त्या जॉन स्टुअर्ट मिलनें १८६१ सालींच सुशिक्षितांस एकाहून अधिक मतें असावीं, व ज्याला लिहितां, वाचतां आणि हिशेब करतां येत नाहीं त्यास मत असूं नये, असें प्रतिपादन केलें होतें. मिलला न्याय द्यावयाचा तर हेंही सांगितलें पाहिजे कीं, सर्वांस मत देण्यापूर्वीं सर्वांस शिक्षण देणें हें समाजाचें कर्तव्य त्यानें मानलें होतें. आमच्या बैठकींत हा उत्तरार्ध कोणासच आठवत नाहीं. इंग्लंडांत विद्यापीठांचे स्वतंत्र मतदारसंघ असत, व पदवीधरांस तेथें एक जादा मत मिळे. १९४८ च्या कायद्यानें ते बंद झाले. आपल्याकडे मात्र त्या प्रथेचा एक अवशेष अद्याप जिवंत आहे. महाराष्ट्राच्या विधानपरिषदेंतील ७८ जागांपैकीं ७ जागा पदवीधरांच्या व ७ शिक्षकांच्या आहेत. म्हणजे मिलच्या मनांतील तें जादा मत आमच्या खिशांत पडलेलेंच आहे. त्याची यादी दर खेपेस नव्यानें होते, व तींत नांव यावें म्हणून आपण होऊन अर्ज भरावा लागतो. आम्हीं पुतण्यास त्याबद्दल विचारलें, तेव्हां असा कांहीं मतदारसंघ असतो हेंच त्याला ठाऊक नव्हतें.

आत्याबाईंच्या प्रश्नास शास्त्रशुद्ध उत्तर देणारा पुरुष मात्र आमच्याच इलाख्यांत होऊन गेला. सायमन कमिशनच्या वेळीं मुंबईच्या कायदेमंडळानें जी समिति नेमली होती, तिचे डॉ. आंबेडकर हे एक सभासद होते. इतर सभासदांशीं त्यांचें जमलें नाहीं, आणि मे १९२९ मध्यें त्यांनीं आपला स्वतंत्र अहवाल सादर केला. त्यांत त्यांनीं प्रौढ मताधिकार मागितला, आणि साक्षरतेची अट घालूं पाहणारे दोन चुका करतात असें दाखवून दिलें. निरक्षर मनुष्य निर्बुद्धच असला पाहिजे असें मानणें ही पहिली चूक. आणि अक्षरओळख झाली कीं शहाणपण आपोआप आलें असें मानणें ही दुसरी. पहिली चूक निदान कधींमधीं आमच्या लक्षांत येते. दुसरी येत नाहीं. कारण ती आमच्याविषयींची आहे.

पुढें राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानें हा वाद कायद्यापुरता मिटला. १९५१ च्या जनगणनेंत शंभरांत जेमतेम अठरा माणसें साक्षर होतीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सतरा कोटींहून अधिक मतदारांची पहिली निवडणूक सुरू झाली. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचें चिन्ह चिकटविलेलें. झोंपडी ओळखावी, बैलजोडी ओळखावी, आणि कागद आंत टाकावा. उत्तर हिंदुस्थानांत मुख्यतः, लाखों बायकांनीं परक्या माणसाला आपलें नांव सांगण्याचें नाकारलें. त्या अमक्याची बायको, तमक्याची आई एवढ्याच राहिल्या, आणि अशीं सुमारें २८ लाख नांवें यादींतून गाळावीं लागलीं. नागरिकत्वाचा पहिला धडा स्वतःचें नांव उच्चारण्याचा होता, आणि तो देण्यास त्या वेळीं कोणत्याही शाळेंत सोय नव्हती.

शिक्षण नाहीं म्हणून मत नको, या म्हणण्यांत आणखी एक गोम आहे. शिक्षण कां नाहीं, हें विचारावयाचें राहून जातें. रयतेच्या करांतून वरच्या वर्गांस विद्या मिळते, पण ती खालीं झिरपत नाहीं. तेव्हां निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, असें जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनला लिहून दिलें. गोखल्यांचें १९११ चें मर्यादित सक्तीचें विधेयक पुढील वर्षीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजीं. आणि पुरतीं सहा वर्षें लोटलीं नाहींत तोंच, २०१५ सालीं, हरियाणांत पंचायतीची निवडणूक लढविण्यास सामान्यतः दहावीची व स्त्रियांस आठवीची अट घालण्यांत आली. दलितांसाठीं ती कांहीं सैल ठेवली, एवढेंच. सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती उचलून धरली, आणि बरें-वाईट पारखण्याची शक्ति शिक्षणामुळेंच येते अशा आशयाचा विचार निवाड्यांत मांडला. त्या दिवशीं जी बाई चाळिशींत होती, ती शाळेच्या वयाची असतांना तिला शाळेंत घालण्याची सक्ति कोणावर होती? राजस्थाननें अशीच अट घालून २०१९ सालीं ती काढून टाकली. दरवाजा आपणच लावून घ्यावा, आणि बाहेर राहिलेल्यास तूं आंत कां नव्हतास म्हणून विचारावें, असा हा न्याय आहे. न्यायासनाविषयींचा आदर पोटांत ठेवूनही आम्हांस तो पटत नाहीं.

मग शिक्षणानें माणसाच्या राजकीय वृत्तींत कांहींच फरक पडत नाहीं काय? पडतो, आणि पुष्कळ पडतो; पण पुस्तकाच्या ज्या पानावर आपण तो शोधतों त्या पानावर नव्हे. आमच्या शाळांत नागरिकशास्त्र हें इतिहासाच्या कडेवर बसविलेलें पोर आहे. इतिहास संपून वेळ उरला तर त्याच्याकडे पाहावयाचें. राज्यसभेच्या सभासदाचें वय किमान किती, राष्ट्रपतीस शपथ कोण देतो, असल्या प्रश्नांचीं उत्तरें मुलें पाठ करतात, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरतात. यांत फारसें बिघडत नाहीं. बिघडतें तें उरलेल्या सर्व तासांत. वर्गाचा मॉनिटर गुरुजी नेमतात. तो बोलणाऱ्या मुलांचीं नांवें फळ्यावर लिहितो, आणि आपल्या मित्रांचीं लिहीत नाहीं. राजकारणाचा हा पहिला पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नसून सर्वांस येतो. "असें कां?" म्हणून विचारणाऱ्यास "आहे तेवढें लिहून घे" असें उत्तर मिळतें.

आम्ही ज्या शाळेंत शिकलों तेथें लोकशाहीचे पांच गुण व पांच दोष वहींत उतरवून घ्यावे लागत. सहामाही परीक्षेंत आमच्या एका सोबत्यानें सहावा दोष आपल्या मनचा लिहिला. पेपर परत मिळाला तेव्हां त्या ओळीवर तांबडी रेघ होती, आणि समासांत "पुस्तकाबाहेरचें" एवढाच शेरा होता. त्याचा तो सहावा दोष काय होता हें आज आम्हांस आठवत नाहीं. रेघ आठवते. मतस्वातंत्र्याचा धडा त्याच पुस्तकांत चार पानें पुढें होता.

दहा-बारा वर्षें अशा रीतीनें तयार झालेला मनुष्य मूर्ख नसतो. तो वर्तमानपत्र वाचतो, कर भरतो, रांगेंत उभा राहतो. पण एकच बरोबर उत्तर असतें, तें वर बसलेल्यास माहीत असतें, आणि वाद घालणें म्हणजे वेळ घालविणें होय, ही समजूत त्याच्या हाडींमांसीं खिळलेली असते. मग "या देशाला एक खंबीर माणूस पाहिजे" असें तो म्हणूं लागला तर नवल कसलें? त्याला मनांतून वर्ग शांत ठेवणारे गुरुजी हवे असतात.

ही समजूत कसोटीस लागण्याची वेळ एकदां आली होती. २५ जून १९७५ च्या रात्रीं आणीबाणी पुकारली गेली, वृत्तपत्रांवर नियंत्रण बसलें, हजारों माणसें चौकशीवांचून तुरुंगांत गेलीं. आमच्या वर्गांतील कित्येक घरांत त्या वेळीं कौतुकाचा विषय काय होता? गाड्या वेळेवर सुटतात, कचेरींत कारकून जागेवर सांपडतो! वेगळा सूर काढणारे सुशिक्षितही होते; त्याच वर्षीं कऱ्हाडच्या साहित्य संमेलनांत अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनीं धिटाईनें निषेध केला, आणि पुढें तुरुंगही पाहिला. पण दुर्गाबाई एकच होत्या. मार्च १९७७ मध्यें निवडणूक झाली, तेव्हां साक्षरतेंत मागासलेल्या उत्तर प्रदेशांत ८५ पैकीं आणि बिहारांत ५४ पैकीं एकही जागा सत्ताधारी पक्षास मिळाली नाहीं.

येथें "निरक्षरांनींच लोकशाही तारली" असें म्हणून टाळी घेण्याचा मोह होतो, आणि पुष्कळांनीं ती घेतलीही आहे. आम्हांस ती घेववत नाहीं. उत्तरेंतील खेडुतानें कांहीं घटनेचें पुस्तक वाचून मत दिलें नव्हतें. नसबंदीच्या मोहिमेंत त्याला धरून नेलें होतें. जें अंगावर आलें त्याला त्यानें उत्तर दिलें. उलट, देशांतील सर्वांत साक्षर अशा केरळानें त्याच निवडणुकींत वीसच्या वीस जागा सत्ताधारी आघाडीच्या पदरांत टाकल्या. केरळीय मतदार शिकून बिघडला होता काय? मुळींच नाहीं. नसबंदीचा वरवंटा तेथें तसा फिरला नव्हता. आणि आमचा असा तर्क आहे कीं, ज्याची सारी भिस्त छापील कागदावर, त्याच्या हातीं धुऊन पुसून दिलेला कागद पडला तर त्याचा डोळाच बांधला जातो. वाचतां येणें हें एक इंद्रिय आहे, आणि तें दुसऱ्यास बंद करतां येतें. जर्मनीइतका विद्यासंपन्न देश त्या काळीं क्वचितच असेल. १० मे १९३३ रोजीं बर्लिनच्या चौकांत पुस्तकांची होळी पेटविण्यांत पुढाकार विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचाच होता.

आतां दुसरी बाजू. आंध्र प्रदेशाच्या नेल्लूर जिल्ह्यांत १९९१ च्या सुमारास प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम चालू होती. दिवसभर शेतांत राबून आलेल्या बायका रात्रीं दिव्याखालीं बसून तेलुगू अक्षरें गिरवीत. त्यांच्या वाचनमालेंत एका सीतम्मेची गोष्ट होती: एका गांवांतील बायका एकजूट करून दारूचें दुकान बंद करवितात, अशी. दुबगुंटा नांवाच्या खेड्यांत हा धडा वाचून झाल्यावर बायका तेथेंच बोलूं लागल्या. ही तर आपलीच गोष्ट आहे. मग आपण कां करूं नये? त्यांनीं आपल्या गांवांत येणारी 'सारा' ही गांवठी दारू अडविली. वार्ता शेजारच्या गांवांत गेली, तेथून जिल्ह्यांत, आणि मग राज्यभर. दारूच्या ठेक्यांचे लिलाव बायकांनीं होऊं दिले नाहींत. आणि त्या लिलावांवर सरकारच्या तिजोरीचा केवढा तरी भार होता! १ ऑक्टोबर १९९३ पासून राज्यांत 'सारा' बंद झाली, आणि १९९५ च्या आरंभीं सर्वच दारूवर बंदी आली. ती सर्वंकष बंदी १९९७ सालीं उठविली गेली हें खरें. तिजोरीलाही मत असतें.

या बायकांना राज्यसभेच्या सभासदाचें वय ठाऊक नव्हतें. पण धडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून त्या एकमेकींकडे वळल्या, आणि "पुस्तकाबाहेरचें" म्हणून कोणी तांबडी रेघ ओढली नाहीं. तेथें शिकविणारे बहुतेक त्याच परिसरांतले स्वयंसेवक होते, शिकणाऱ्या वयानें थोराड, आणि परीक्षेंत नापास होण्याचें भय कोणासच नव्हतें. आमच्या वर्गांत मुलें एकामागें एक अशा बांकांवर बसतात आणि वर्षानुवर्षें पुढच्याची पाठ पाहतात. नेल्लूरच्या बायका गोलाकार बसत असतील असें आम्हांस उगीच वाटतें.

परवां शेजारची एक मुलगी आमच्याकडे अभ्यासास बसली होती. तिचें नागरिकशास्त्राचें पुस्तक आम्हीं सहज चाळलें. पुस्तक आमच्या वेळच्याहून पुष्कळच चांगलें आहे. चित्रें आहेत, प्रश्न आहेत, आणि स्थानिक शासनाच्या धड्याखालीं एक उपक्रमही दिला आहे: आपल्या भागांतील नगरसेवकास भेटा, आणि परिसरांतील एखाद्या अडचणीविषयीं त्यांस विचारा. आमच्या गल्लींतलें गटार किती दिवस तुंबलें आहे तें आम्हांस ठाऊक होतें. "मग, कधीं जायचें म्हणतेस?" आम्हीं विचारलें. ती पुस्तक आपल्याकडे ओढून घेत म्हणाली, "काका, तो नुसता उपक्रम आहे. बाईंनीं फुली मारायला सांगितलीय त्यावर. परीक्षेला नाहीं तो."